लेण्यातला अंबाडा
जुन्या लुगड्याची चुंबळ माळ्यावर सापडली आणि तिच्या कुबट वासाने मला थेट लेण्यांच्या भाजे गावात, माझ्या लहानपणात नेलं. लोणावळ्याच्या हॉटेलातल्या फॅशन शोसाठी मुंबईची एक बाई गावातल्या पोरींना आमच्या लेण्यातल्या मूर्तींसारखे अंबाडे घालून बघत होती. केस माझे गुडघ्यापर्यंत, पण तिने निवडली माझी गोरी चुलत बहीण. तिचा अंबाडा काही केल्या फुगेना. डोक्यावर चुंबळ नि तिच्यावर घागर घेऊन बघत उभी असलेली मी जळफळून म्हणाले, "मंग चुंबळ घाला की आत!" बाईने खरंच माझ्या डोक्यावरची चुंबळ मागून घेतली. हुबेहूब मूर्तीचा अंबाडा! सगळ्यांनी बहिणीसाठी टाळ्या वाजवल्या, बाईने तिचा फोटो काढला. मी घागर कमरेवर घेऊन घरी आले. आजही तिचा तो फोटो बघून कुणी कौतुक केलं, की मी म्हणते, "आतली चुंबळ माझी हाय."