कडी आतून की बाहेरून

त्याला सगळे ‘हवेशीर’ म्हणत. घरं विकून देण्याचा धंदा आणि तोंडात हा एकच शब्द. खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत नाकाला लागेल, अशी खोलीसुद्धा हा हवेशीर म्हणून बिनदिक्कत गळ्यात मारायचा. गिऱ्हाईकंही खपवून घ्यायची. बाजार जवळ आहे ना, मग झालं! घरात बसायचंय कोणाला?

मग साथ आली आणि लोकांना कधी नव्हे ते आपापल्या घरात राहावं लागलं. काय एकेक शोध लागले म्हणता! बायकोला कळलं की नवरा दिवसभर पाय हलवत बसतो. नवऱ्याला कळलं की तिला ते मुळीच आवडत नाही. साथ ओसरली तशी एकमेकांशिवाय घास न उतरणारी जोडपी हवेशीरकडे धावली. “वेगळी खोली हवी. दार हवं. आणि हो, आतून कडी हवी!” हवेशीरनंही लगेच सूर बदलला. अडगळीची खोली रातोरात ‘ऑफिसची खोली’ झाली, आणि गॅलरीत एक मरगळलेली कुंडी ठेवली की ती ‘बाग’.

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र आनंदीआनंद होता. बायको एका कंपनीच्या तक्रारी फोनवर ऐकायची, तीही ओट्यापाशी उभी राहून. तिकडून तक्रारवाला तापलेला, इकडून कुकर. “जगाला खोल्या वाटत सुटलाय, मला एक दार मिळेल का?” ती एकदा कडाडलीच. म्हणून हवेशीरनं गावाबाहेर चार खोल्यांचं नवं घर हेरलं. पण जुनं विकल्याशिवाय नवं मिळणार नव्हतं, आणि जुनं होतं वडिलांच्या नावावर.

“बाबा, तुम्हाला स्वतंत्र खोली! एकदम हवेशीर!”

“नको.”

“अहो, दार लावून निवांत पडा. कोणाची कटकट नाही.”

“मला बाहेरच बरं आहे.”

बाहेर म्हणजे पुढच्या खोलीत, ऐन येण्याजाण्याच्या वाटेवर टाकलेली खाट. म्हातारा हट्टी आहे, असं हवेशीर चारचौघांत सांगू लागला. जुन्या घरात जीव अडकलाय, असं नातेवाईक म्हणाले. नव्या घरावर दुसऱ्यांचाही डोळा होता, तेव्हा शेवटी बायकोच म्हणाली, “त्यांना नुसतं दाखवून तर आणा.”

दाखवायला नेलं आणि हवेशीर रंगात आला. बापालाच गिऱ्हाईक समजून त्यानं खिडक्या उघडल्या, नळ सोडले, उजेडाचं कौतुक केलं. वडील खिडकीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. आपल्यासाठी ठरवलेल्या खोलीच्या दाराशी ते बाहेरच थांबले. बाहेरच्या कडीला त्यांनी हात लावला, ती सरकवून पाहिली, परत उघडली.

“ही काढता येईल का रे?”

“कडी? अहो, बाहेरून कडी असतेच दाराला.”

“ही काढलीस तर येतो.”

हवेशीरनं त्या कडीकडे पाहिलं आणि त्याला आठवलं. साथीत वडील तापानं फणफणले, तेव्हा यानंच त्यांना जुन्या घरातल्या अडगळीच्या खोलीत ठेवलं होतं. आपली पोरं आत जायला नकोत म्हणून बाहेरून कडी घातली. ताट ठेवण्यापुरती ती उघडायची. ताप उतरल्यावरही घातलीच, खबरदारी म्हणून. वडील आतून दार वाजवत, “अरे, बरा आहे मी, उघड की!” आणि हा फोनवर कोणाला तरी सांगत असायचा, “बाबांची काळजी नको, त्यांना वेगळी खोली दिलीय.”

आता मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर अजून आपलं झालेलं नाही, हेही तो विसरला. खालच्या मजल्यावर सुताराचं काम चाललं होतं, त्याच्याकडून पेचकस मागून आणला आणि घाम पुसत कडी उपसून काढली. दारावर स्क्रूची भोकं तेवढी राहिली.

“बुजवून घेतो बाबा,” तो कसाबसा म्हणाला.

वडिलांनी वाकून भोकं पाहिली.

“असू देत,” ते म्हणाले. “हवेशीर आहे.”