पेंग्विनछाप कोकम

मोहल्लाभर माणसांना दिवसभराच्या रोज्यानंतर मिठाचं पाणी पाजणारा माणूस मीच. या वाक्यात अतिशयोक्ती नाही. पाजलं तेही थंडगार, बर्फ घालून.

मुंबईत एका शीतपेयाच्या कंपनीच्या गोदामात मी कारकून होतो. काम क्रेट मोजायचं. पण विक्रीवाल्या साहेबांच्या शेजारी डबा खाऊन खाऊन मला वाटू लागलं होतं की आपल्याला गिऱ्हाइकाचं मन कळतं. पुढे नोकरी सुटली आणि हे सगळं ज्ञान घेऊन मी रत्नागिरीला घरी आलो. घरात वहिनींचा कोकमाचा धंदा होता. भाऊ मुंबईला गिरणीत, त्यामुळे धंदा त्यांच्या एकट्यांचा. एक गोड अमृत कोकम, पाण्यात मिसळून प्यायचं. दुसरं खारवलेलं आगळ, सोलकढीला आणि माशांच्या कालवणाला. दोन्हींच्या बाटल्या सारख्याच, भंगारवाल्याकडच्या. लेबल नाही, नाव नाही. आगळाच्या बाटलीच्या गळ्याला वहिनी सुतळीची गाठ मारायच्या. सुतळी म्हणजे खारट, उघडा गळा म्हणजे गोड. गावातल्या वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही ते पाठ होतं.

"वहिनी, हे काय गबाळं!" मी म्हटलं. "गिऱ्हाइकाने बाटलीवर प्रेम करायला हवं."

"बाटलीवर कशाला, भावजी? आतल्यावर करतात की."

(हे वाक्य मी तेव्हा लिहून ठेवायला हवं होतं. त्याऐवजी मी हसलो.)

मी लेबलं छापून आणली. बर्फाचा डोंगर, त्यावर पेंग्विन, खाली 'कोकम किंग'. दोन्ही बाटल्यांना एकच लेबल, कारण साहेब म्हणायचे, ब्रँड म्हणजे एक चेहरा! शिवाय योजना : पाच लेबलं आणा, काचेचा पेला न्या.

"सुतळी तेवढी राहू द्या, भावजी," वहिनी म्हणाल्या.

"पेंग्विनच्या डोक्यावर सुतळी? शोभेल का?"

भाचीच्या लग्नासाठी वहिनींना पालीला माहेरी जायचं होतं. जाताना एवढंच म्हणाल्या, "हमीदाखालांची ऑर्डर सांभाळून द्या. त्या आपल्या आहेत म्हणून मोहल्ला आपला आहे."

हे खरं होतं. त्या वर्षी रमजान भर मे महिन्यात आला होता आणि खाडीकाठच्या मोहल्ल्यात रोजा वहिनींच्या कोकमावर सुटायचा. हमीदाखाला सांगतील ते सरबत घरोघर जायचं. त्या फिरल्या की वहिनींचा हंगाम बुडाला. आणि हंगाम बुडाला की वर्ष बुडालं.

मी घाबरलो नाही. माझ्याकडे पद्धत होती! सुतळ्या सोडल्या, लेबलं चिकटवली, पडवीत डाव्या हाताला खारट लावलं, उजव्या हाताला गोड. संध्याकाळी खालांची ऑर्डर न्यायला टेम्पो आला तो मागच्या दारी. मी मागच्या दाराने आत शिरलो आणि उजव्या हाताची सगळी खोकी उचलून दिली.

मागच्या दाराने शिरलं की डावं उजवीकडे येतं, हे तिसरीतल्या पोराला कळतं. मी तर मुंबईहून आलो होतो.

खालांच्या अंगणात चटया अंथरल्या होत्या. खजुराच्या ताटल्या, भजी, मधोमध भलंमोठं पातेलं, त्यात पाणी आणि बर्फाची लादी. खालांनी बाटली हातात घेतली, गळ्याकडे बघितलं, मग लेबलाकडे.

"हा कावळा कसला रे, सुधाकर?"

"कावळा नाही खाला, पेंग्विन. थंडीतला पक्षी."

"पोट पांढरं झालंय बिचाऱ्याचं." सुनेने बाटल्या पातेल्यात रिकाम्या केल्या. खाला वाकून बघत राहिल्या. "पातळ वाटतंय रे."

"नवीन फॉर्म्युला, खाला!"

"साखर बरोबर हाय ना? आमच्यातलं कुणी आत्ता चाखू शकत नाही. तुझा कुठं रोजा हाय? तू घोटभर घे बघू."

आजही त्या घोटाची मला स्वप्नं पडतात. एक घोट, आणि सगळं वाचलं असतं. पण दिवसभर तहानलेल्या माणसांसमोर प्यायचं माझ्या जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं : सगळे माझ्याकडे बघत होते.

"खाला," मी छाती काढून म्हणालो, "आमच्या मालाला चाखायची गरज नाही!"

पेले भरले गेले. लोक हातात पेला धरून अजानची वाट बघत बसले. बर्फाचा आवाज येत होता. मी खांबाला टेकून गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचं समाधान टिपायला सज्ज झालो. तेवढ्यात पायरीजवळ पडलेल्या एका रिकाम्या बाटलीकडे माझं लक्ष गेलं. तिच्या गळ्याला, लेबलाच्या वर, सुतळीचा एक धागा चिकटून राहिला होता.

मी खांब सोडून पुढे धावलो. "खाला..." मी म्हणालो, आणि अजान झाली.

खजूर तोंडात गेले. पाठोपाठ पेले.

आणि एकदम खोकला! पोरं अंगणाच्या कडेला थुंकत होती, सून पदराने तोंड पुसत होती. खालांचे यजमान इस्माईलचाचा, होडीवरचे जुने तांडेल, यांनी तर तहानेपोटी पेला तळापर्यंत रिकामा केला होता. त्यांनी रिकामा पेला चटईवर उपडा घातला.

"आख्खा जन्म दर्यात गेला," ते म्हणाले, "पण दर्या प्यायलो तो आज!"

कुणी हसलं नाही. खाला उठून घरात गेल्या आणि विहिरीच्या पाण्याची कळशी घेऊन आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

गोड बाटल्या मी आगळ म्हणून बाजारपेठेत विकल्या होत्या, ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिथल्या मास्तरांनी बांगड्याचं गोड कालवण पाठवून दिलं, पातेल्यासकट. माझी योजना मात्र जोरात चालली. लेबलं परत येऊ लागली. बाटल्यांवर चिकटलेली, बाटल्या भरलेल्या!

वहिनी पालीहून आल्या, सगळं ऐकलं आणि तशाच मला घेऊन मोहल्ल्यात गेल्या. मी वाटेत म्हणत होतो, छापखान्याची चूक, टेम्पोवाल्याची चूक. अंगणात खालांसमोर वहिनी हात जोडून म्हणाल्या, "माझंच चुकलं, खाला. मी घरी थांबायला हवं होतं."

मी शेजारी उभा होतो. तोंड उघडायला याहून चांगली वेळ नव्हती. मी पेंग्विनसारखा उभा राहिलो.

ईदच्या दिवशी मला आणि वहिनींना खालांचं बोलावणं आलं. सगळे तेच चेहरे. शीरखुर्मा झाला आणि खालांनी माझ्या हातात लालचुटूक पेला ठेवला. "पी."

"हे..."

"पी की. तुमच्या मालाला चाखायची गरज नाही ना?"

प्यायलो. तळापर्यंत. आगळ होतं, आणि वहिनींनी पाणी घालताना हात आखडला होता. डोळ्यांत पाणी आलं, कानात घंटा वाजली, आणि इतके दिवस घशात अडकलेलं मिठाबरोबर सुटलं.

"सुतळी मी सोडली. खोकी मी दिली. वहिनी नको म्हणत होत्या. खाला, माफ करा. वहिनी, चुकलो."

"आम्हाला ठावं होतं," खाला म्हणाल्या. "तुझी वहिनी सुतळी इसरेल व्हय? तुझ्या तोंडून कधी येतंय ते बघत होतो."

वहिनी हसल्या. पदराआडून त्यांनी सुतळीचा गुंडा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

मागून इस्माईलचाचा ओरडले, "काय म्हणाला तो? मला ऐकू आलं नाय. मोठ्यानं बोल!"

मग मी उभा राहून सगळं पुन्हा म्हणालो, मोठ्याने, अंगणभर. गिऱ्हाइकांनी आपण होऊन पुन्हा ऐकायला मागितलेली माझी ती एकमेव जाहिरात.