पंखाखाली दोन बोटं

मी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस. मेहकरला बसस्टँडपासून थोडं बाहेर माझं गॅरेज आहे. त्यात एक जुनी लेथ आहे आणि लेथहून जुना माझा ताठा. माझ्या कामात कुणी खोट काढली की माझं डोकं फिरतं. गिऱ्हाइकांना हे ठाऊक आहे, म्हणून ते खोट काढतात ती घरी गेल्यावर. विमानाला मी आयुष्यात एकदाच हात लावला, आणि ते विमानही न उडणारं. पण त्या कामाला जे माझ्याबरोबर होते त्यांची आठवण आली नाही असा माझा एक दिवस जात नाही.

आमच्या भागातल्या एका तंत्रनिकेतनाच्या फाटकापाशी ते उभं होतं. जुनं, दोन माणसांचं, शिकाऊ वैमानिकांना शिकवून शिकवून म्हातारं झालेलं. पुढे दोन चाकं आणि शेपटाखाली एक बारकं, त्यामुळे मान वर करून बसलेल्या वासरासारखं दिसायचं. बरीच वर्षं उन्हात राहून त्याचे टायर फुटले होते. डाव्या चाकाच्या पायातलं, धक्के झेलणारं तेल गळून गेलं होतं, आणि सगळं विमान त्या बाजूला कललं होतं. नेमकं त्याच पंखाखाली उभं राहून पोरं-पोरी फोटो काढायची. नव्या प्राचार्यांनी ते पाहिलं आणि आधी पोरांना तिथून हटवलं. एक तर पाय दुरुस्त करून ते सरळ उभं करा, नाहीतर भंगारात द्या, असं त्यांनी सांगितलं आणि मला बोलावलं.

मी एक चक्कर मारली आणि म्हणालो, "दोन तासांचं काम आहे. ट्रकचे दोन जॅक लावतो, उचलतो, पाय काढतो."

"आधी मेजरांना येऊ द्या," प्राचार्य म्हणाले.

आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. हे मेजर कधीच मेजर नव्हते. हवाई दलात ते फिटर होते आणि सगळी नोकरी त्यांनी विमानांचे पाय आणि चाकं दुरुस्त करण्यात घालवली. आता साखरखेर्ड्याला शेती करायचे. दुसऱ्या दिवशी एसटीनं आले, हातात डबा आणि एक लोखंडी सळई. विमानाला हातही न लावता ते सळई जमिनीत खुपसत फिरले. काळी माती, सळई लोण्यात जावी तशी आत गेली.

"अथी जॅक लावला तं विमान वर नाही जानार, जॅक खाली जाईन," ते म्हणाले.

झालं. आधी मुरूम, मग काँक्रीट, मग काँक्रीट सुकेपर्यंत थांबणं. माझे दोन तास कधीच उडून गेले होते. त्यात त्यांनी माझे ट्रकचे जॅकही नापास केले. "हे तेलावर उभे राह्यतात मिस्त्री. तेलाच्या भरवशावर कोनाच्या खाली जायचं नाही." त्यांना तीन पायांचे जॅक हवे होते, ज्यांच्या वर येणाऱ्या दांड्याला आटे असतात आणि आट्यांवर एक जाड रिंग. दांडा वर गेला की रिंग फिरवून खाली बसवायची. मग आतलं सगळं तेल गळून गेलं तरी लोखंड लोखंडावर उभं राहतं. असे दोन जॅक त्यांनी कुठल्याशा भंगारातून शोधून आणले, पण रिंगा नव्हत्या. रिंगा मी माझ्या लेथवर केल्या. दोन दिवस दुसरं काही केलं नाही. अशा बसल्या की बोटानं फिरवाव्यात आणि कुठे अडू नयेत. मेजरांनी एकदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, "चांगली झाली." त्यांच्या तोंडून एवढंच निघतं हे मला कळलं होतं, तरी मी सुखावलो.

आणि दुसऱ्याच दिवशी ते टेम्पोत घालून बाभळीचे ठोकळे घेऊन आले. गावच्या आरागिरणीतून कापून आणलेले, चारी बाजूंनी सरळ. विमान उचललं जाईल तसा पंखाखाली, जॅकच्या शेजारी, त्या ठोकळ्यांचा थर चढवत न्यायचा. पंख टेकू द्यायचा नाही, मध्ये फक्त दोन बोटांची जागा ठेवायची.

माझं डोकं सणकलं. "मेजर, मंग रिंगा कायले केल्या म्या?"

"रिंग हाय म्हून ठोकळा नोको, असं नसते," ते म्हणाले आणि थर रचायला लागले. मला तो सरळ सरळ माझ्या कामाचा अपमान वाटला. घरी जाऊन बायकोला म्हणालो, या म्हाताऱ्याचा माझ्या हातावर विश्वास नाही. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "नसन. तुमी जेवा."

अष्टमीला उचललं. बांबूला चिंधी बांधून मेजरांनी आधी वारा पाहिला. शेपटाला वाळूची पोती बांधली, कारण पुढची चाकं सुटताच विमान नाकावर पडू शकतं. डाव्या जॅकवर मी, उजव्या जॅकवर तंत्रनिकेतनाचे वर्कशॉपचे सर, आणि मधे मेजर, त्यांची नजर पाणपातळीच्या बुडबुड्यावर. ते "एक" म्हणायचे, आम्ही जॅकचं हँडल एकदा मारायचं आणि थांबायचं. रिंग खाली, ठोकळा वर, दोन बोटं घालून पाहायची, मग पुन्हा "एक". एवढं हळू काम मी जन्मात केलं नव्हतं. पण ती चाकं जमिनीवरून सुटली आणि ते म्हातारं विमान चार हात वाऱ्यात असल्यासारखं सरळ उभं राहिलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. चाकं काढली. मेजर म्हणाले, उद्या खंडेनवमी, मी गावी पूजा करणार, परवा दसऱ्याला येतो. आणि मी येऊन दोन्ही बाजूंना बोटं घालून पाहिल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुतात, पुसतात, हळद-कुंकू लावतात, झेंडू वाहतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. गॅरेजची पूजा उरकून मी ताट घेऊन विमानापाशी गेलो. जॅक आता माझेच वाटत होते, रिंगा तर होत्याच माझ्या. त्यांच्यावर धूळ आणि ग्रीस बसलेलं. पूजेच्या दिवशी माझ्या हातची वस्तू अशी मळकी मला बघवेना. मी डावी रिंग फिरवून वर नेली, आटे रॉकेलनं पुसले, मग उजवीही वर नेली, तिचेही पुसले. आटे असे चमकले की काय सांगू. त्यावर हळद-कुंकू लावलं, दोन्ही जॅकना झेंडूची माळ घातली, नारळ फोडला.

रिंगा परत खाली आणायचं लक्षात राहिलं नाही, असं म्हणून आज सुटता येईल. पण आलं होतं लक्षात. नमस्कार करताना आलं होतं. तोवर पूजा मांडून झाली होती, आणि मांडलेल्या पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. म्हटलं, आज इथे कोण खाली जाणार आहे? उद्या सकाळी आल्या आल्या करू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते साफ विसरलो.

दसऱ्याला मी लवकर पोचलो. मेजरांची एसटी आली नव्हती. हत्यारांना हात जोडून कामाला सुरुवात करायचा तो दिवस, मुहूर्त चुकवायचा नव्हता. बोटं घालून पाहायचा त्यांचा तो सोपस्कार मला अजूनही खुपत होता. गोणपाट अंथरलं आणि डाव्या पायाखाली उताणा सरकलो. चाक काढलेला अ‍ॅक्सल बरोबर माझ्या छातीवर होता, जेमतेम एका बोटाच्या अंतरावर. रॉकेलनं तो धुवायला लागलो. चांगलं चाललं होतं. मी गुणगुणतही होतो.

थोड्या वेळानं मेजरांचे बूट दिसले. ते वाकले, ठोकळ्यापाशी हात नेला.

"मिस्त्री, हातातलं तथीच ठेव. पायाकडून बाहेर सरक." आवाज नेहमीसारखाच होता.

"दोन मिनिटं, मेजर. होऊनच राह्यलं."

"आत्ता."

मी सरकायला गेलो तेवढ्यात जॅकमधून फुस्स असा आवाज आला आणि अ‍ॅक्सल खाली आला. शर्टाच्या बटनाला टेकला. पुढचा श्वास घ्यायला छातीला जागा राहिली नाही. मग वर धप्प असा लाकडाचा आवाज झाला आणि सगळं थांबलं. पंख ठोकळ्यांवर बसला होता. मेजरांनी माझे दोन्ही घोटे धरले आणि मला गोणपाटासकट बाहेर ओढलं. माझ्या शर्टावर बटनाच्या जागी ग्रीसचा काळा डाग होता, बाकी काही नव्हतं. मी जिवंत होतो. तिथेच खाली बसलो.

नंतर कळलं ते असं, की रात्रीतून तेल थोडं थोडं झिरपलं होतं. मेजरांनी हात घातला तर दोन बोटांच्या जागी एकच बोट गेलं. म्हणून त्यांनी मला बाहेर बोलावलं, आणि तेवढ्यात जॅकमधलं तेल अडवणारी जुनी सील पूर्ण गेली. पंखाखाली दोनच बोटांवर बाभळीचा तो थर नसता, तर विमानाचा सगळा भार माझ्या बरगड्यांवर आला असता. घरी बायको दाराला तोरण बांधत होती.

मेजरांनी आधी उजव्या जॅकची रिंग खाली बसवली. प्राचार्य धावत आले, काय झालं म्हणून विचारू लागले. मी खाली बघत होतो.

"सील गेली साहेब," मेजर म्हणाले. "रबर हाय, जाते. आज काम बंद."

प्राचार्य गेल्यावर आम्ही कठड्यावर बसलो. वर्कशॉपच्या सरांनी चहा आणून दिला आणि ते निघून गेले. मला गप्प राहता आलं असतं. पण त्या माणसाशेजारी बसून खोटं गप्प राहणं जमेना.

"मेजर, रिंगा म्या फिरवल्या. पूजेसाठी."

"मले दिसलं. कुंकू रिंगीच्या खालच्या आट्यांवर होतं. रिंग खाली असती तं तथी कुंकू लागलं नसतं."

"मंग साहेबांले सांगितलं काऊन नाही?"

"तू सांगतो का, ते पाहून राह्यलो होतो."

मला रडू आलं. चाळिशी ओलांडलेला माणूस मी, विमानाच्या सावलीत बसून रडलो, आणि त्याची मला आज लाज वाटत नाही. जरा सावरल्यावर म्हणालो, "तुमी ठोकळे आनले तवा मले वाटलं, माया रिंगीवर तुमचा भरवसा नाही."

"तुया रिंगीवर होता. मायावर नव्हता." त्यांनी चहा संपवला. "नोकरीत एकडाव मीच रिंग लावाची विसरलो होतो. माया दोस्त खाली होता. त्याचा पाय गेला. तवापासून म्या ठोकळ्याबिगर विमान उचललं नाही."

मी विचारलं, "अन् तो दोस्त?"

"हाय ना. दर दसऱ्याले फोन करते. आजबी सकाळी एसटीतच आला होता त्याचा."

कुंपणाशी आपट्याचं झाड होतं. सोनं संध्याकाळी वाटतात, पण मला तेवढा धीर नव्हता. दोन पानं तोडली, त्यांच्या हातावर ठेवली आणि पायांवर डोकं ठेवलं. ते म्हणाले, "ऊठ बाप्पा, पूजा केली ते काही वाईट नाही केलं. पन रिंगीचा लॉक काढून पूजा नाही करत."

नव्या सील आणून पुढे पंधरा दिवसांत काम झालं. पाय सरळ झाला, नवे टायर बसले, विमान ढकललं की चालायला लागलं. आज ते नव्या इमारतीपुढे ताठ उभं आहे, आणि पोरं-पोरी दोन्ही पंखांखाली फोटो काढतात. मेजर जाताना ठोकळे माझ्याकडे ठेवून गेले. म्हणाले, "मी आता काय उचलनार? कांद्याची पोती?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमच्याकडे म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला नाही तो त्या माणसामुळे.

त्या पुढच्या खंडेनवमीला बायको ताट घेऊन गॅरेजमध्ये आली. मी सवयीनं लेथकडे वळलो. तिनं मला थांबवलं आणि कोपऱ्यातल्या त्या बाभळीच्या लाकडांकडे बोट दाखवलं. "पहिलं कुंकू यायले," म्हणाली. सगळ्यात वरच्या ठोकळ्याला पंखाच्या पत्र्यानं पडलेला एक खोलगट वण आहे. कुंकू तिनं बरोबर त्यातच भरलं. तेव्हापासून दर वर्षी तसंच होतं, आणि माझ्याकडे कुठलाही ट्रॅक्टर ठोकळ्यांशिवाय वर जात नाही.

दसऱ्याला कामाला हात लावण्याआधी मी साखरखेर्ड्याला फोन लावतो. मेजर आता थकलेत, ऐकायला कमी येतं. सोनं घ्या वगैरे मी म्हणतो, ते त्यांना कितपत कळतं कोण जाणे. त्यांचा प्रश्न मात्र ठरलेला.

"दोन बोटं हायेत का बे?"

मी फोन कानाला धरून वर असलेल्या ट्रॅक्टरपाशी जातो, वाकतो, ठोकळ्यावर बोटं घालतो आणि मगच सांगतो.

"हाव मेजर. हायेत."