अक्काकडची चौकशी

माणूस जन्मतःच वाईट असतो की पुढे होतो, यावर देवपुरात सकाळी फिरायला येणारे आम्ही पेन्शनर हमखास भांडतो. मी कायम 'जन्मतः'वाल्यांच्या बाजूने. माझ्याकडे पुरावा होता ना, तोही घरचा.

माझी आत्या चोपड्याकडच्या एका खेड्यात केळी लावते. अख्खं गाव तिला अक्का म्हणतं, मीही. नवरा गेल्यावर दिरांनी शेत बटाईने द्यायला सांगितलं, तर ही बाई दुसऱ्या दिवशी डोक्याला फडकं बांधून स्वतःच ठिबकच्या नळ्या अंथरायला लागली. तिच्यासारखी बाग पंचक्रोशीत नव्हती. आणि ऐन घड धरले तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याने कोयत्याने एक सबंध पट्टा आडवा केला. का, तर त्याची बाग रोगाने गेली होती आणि हिची डुलत होती, ते त्याला बघवलं नाही. पंचांसमोर त्याने स्वतःच कबूल केलं. अक्का ढसाढसा रडली. नवरा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

त्याला दहा-बारा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी त्याच शेजाऱ्याची मुलगी आपल्या मुलासाठी पाहिली. मुलगी नर्सिंग शिकलेली, मुलाला पसंत. आमच्याकडे पत्रिकेआधी चौकशी होते, म्हणून त्यांनी मला फोन केला. मी बागेची हकीकत तिखटमीठ न लावता सांगितली, पण शेवटी पुस्ती जोडली, "खाण तशी माती. सोडा ते स्थळ."

गृहस्थ भले होते. म्हणाले, ज्यांची बाग कापली त्यांनाच विचारू, तुम्हीही चला. मी खुशीत गाडीत बसलो. अक्का एका वाक्यात निकाल लावील याची मला खात्री होती.

अक्काने आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"बागनं खरं शे," ती म्हणाली. "त्यानीच कापी. मी अजून त्याना घरनं पानी पेत नही."

गृहस्थ उठायलाच लागले.

"बसा, भाऊ. बापनं इचारं, आते पोरनं इचारा."

मग तिने जे सांगितलं ते मीही कधी ऐकलं नव्हतं. बाग कापल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या घरातली बारा वर्षांची मुलगी कोणी न पाठवता हिच्या शेतात आली आणि कापलेली केळी ओढून बांधावर टाकू लागली. केळीच्या चिकाने तिचा फ्रॉक काळा झाला. घरी बापाने मारलं, तरी तीन दिवस येत राहिली.

"मी तिले हाकली, शिव्या दिध्या. तरी उनी."

"पण हे तर म्हणतात, खाण तशी माती," गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

अक्काने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मना आनि त्याना वावरनी माती एकच शे, भाऊ. बांध मानसंनी घाला."

गृहस्थ तिथूनच मुलीच्या घरी बोलणी करायला गेले. मी मागे राहिलो. इतकं सोसून इतकं सरळ बोलणारं माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. मी तसं तिला म्हटलंही.

कौतुक तिने कानाआड टाकलं. भांडी उचलता उचलता म्हणाली, "त्याना पोटमा दुखनं म्हनीसन त्यानी कापी. तुना पोटमा काय दुखनं, रे?"

बाग तिची, नुकसान तिचं, रडली तीच. माझं एक पानसुद्धा कापलं गेलं नव्हतं. त्या मुलीला तर मी कधी पाहिलंही नव्हतं. तरी फोनवर ते वाक्य बोलताना मला फार बरं वाटलं होतं.