साडूंचा इटलीतला घाट

इटलीच्या उत्तरेला वाल वेनोस्ता नावाची एक लांबलचक दरी आहे. त्या दरीत जन्मून तिथेच म्हातारा झालेल्या माणसालाही ती जितकी ठाऊक नसेल, तितकी ती सिंगापुरात, चोआ चू कांगच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या साडूंना ठाऊक होती. आणि त्या दरीत त्यांनी आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. दरीच्या वरच्या टोकाला एक तळं आहे, त्या तळ्यात बुडालेल्या गावातल्या चर्चचा मनोरा अजून पाण्याबाहेर उभा आहे. तिथून सायकलची वाट निघते आणि सफरचंदांच्या बागांमधून उतरत उतरत मेरानो गावापर्यंत जाते. मध्येच, प्रातो नावाच्या खेड्यापाशी, एक रस्ता उजवीकडे फुटून स्टेल्वियोच्या घाटात चढतो. अठ्ठेचाळीस वळणं. प्रत्येक वळणावर दगडात कोरलेला आकडा, आणि तोही उलटा. म्हणजे पायथ्याशी अठ्ठेचाळीस आणि माथ्याजवळ एक. हे सगळं मला कसं माहीत, असं कुणी विचारू नये. साडूंच्या घरी ज्यांनी म्हणून एकदा पोहे खाल्लेत, त्या सगळ्यांना ते माहीत आहे.

मी गेल्या दशकाच्या सुरुवातीला नोकरीसाठी सिंगापूरला आलो, तेव्हा नात्यातलं इथे हे एकच घर. पहिल्याच रविवारी जेवायला गेलो तर साडूंनी वरणभाताआधी नकाशा वाढला. मोठ्या मेहुणीने पानं घेता घेता मला खूण केली, की जे सांगतायत ते ऐकून घ्या, मध्ये प्रश्न विचारू नका. मी विचारला. जेवण चार वाजता झालं. साडू पाया लेबारला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर होते, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात चुका काढायच्या. हाच धंदा ते घरी दरीच्या बाबतीत करायचे. छापील नकाशांतल्या चुका त्यांनी लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या. कुठल्या खेड्यात दुपारी दुकानं बंद असतात, कुठल्या पुलाखाली सावली आहे, दुपारनंतर दरीत खालून वर वारा सुटतो तो कुठे तोंडावर येतो आणि कुठे पाठीवर, याची त्यांनी बारा पानांची मार्गपत्रिका केली होती. युरोपला निघालेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या हातात ते ती द्यायचे. एकदा पॅरिस आणि स्वित्झर्लंड करायला निघालेलं नवपरिणीत जोडपं केवळ त्यांच्या भिडेखातर वाकडी वाट करून तिथे गेलं आणि परत येऊन म्हणालं, की काका, सातव्या पानावरचा पाण्याचा नळ बंद आहे. साडू दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सातवं पान नव्याने लिहून काढलं.

बोलताना ते त्या दरीला 'आमच्याकडे' म्हणायचे. बाहेर सिंगापूरचा एप्रिलमधला चिकट उकाडा, खिडकीत पंखा, आणि साडू चहाचा कप हातात धरून म्हणणार, "आमच्याकडे आता सफरचंदाला फुलं आली असतील." एकदा त्यांच्या ऑफिसात मिलानचा एक गृहस्थ आला होता. त्याला ते कौतुकाने हॉकर सेंटरला जेवायला घेऊन गेले आणि तासभर दरी सांगितली. तो बिचारा जन्मभर सुट्टीत समुद्रावर जाणारा. शेवटी त्याने नम्रपणे विचारलं, की तुम्ही तिकडे किती वर्षं राहत होता? हा प्रसंग त्यांनी मला सांगितला तेव्हा मी हसलो. मग बघितलं तर ते हसत नव्हते.

आता सिंगापूरमध्ये घाटाचा सराव करायचा कुठे? कॉलेजात असताना कात्रज सायकलने चढलेला हा माणूस सपाट बेटावर येऊन पडला होता. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे इमारतीशेजारची बहुमजली पार्किंग. रोज सकाळी ऑफिसच्या आधी ते सायकलवरून तिचे सात मजले चढायचे, उतरायचे, असं सात वेळा. सात सत्ते एकोणपन्नास, म्हणजे घाटापेक्षा एक वळण जास्त. ते त्यांनी वाऱ्यासाठी धरलं होतं. तिथे टॅक्सी लावणारा एक म्हातारा चिनी ड्रायव्हर होता. त्याची समजूत अशी, की या माणसाला आपली गाडी कुठल्या मजल्यावर लावली ते आठवत नाही. महिनाभर बघून एके दिवशी त्याने साडूंना थांबवलं, गाडीचा नंबर विचारला आणि शोधायला बरोबर येतो म्हणाला.

रविवारी ईस्ट कोस्टला मात्र ते मुलीला घेऊन जायचे. मी आलो तेव्हा ती बारा वर्षांची होती. समुद्राकाठच्या वाटेवर पुढे बाप, मागे लेक, आणि बऱ्याचदा त्यामागे धापा टाकत मी. साडू मान वळवून ओरडून सांगायचे, की आता हे बाविसावं वळण, इथे जुनं हॉटेल, इथून समोर बर्फाचा डोंगर पहिल्यांदा पूर्ण दिसतो. समोर कॉन्डोच्या बाल्कनीत कपडे वाळत असायचे. पोरगी त्या कपड्यांकडे बघून गंभीरपणे मान हलवायची. ती सोळाची झाली की दोघांनी जायचं, असं ठरलं होतं. चौदाव्या वर्षी तिने सायकल सोडली. बाबा, फार उकडतं lah, एवढंच इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. साडूंनी तिची सायकल पुसून घराबाहेर व्हरांड्यात लावून ठेवली आणि पुढच्या रविवारपासून एकटे जाऊ लागले. त्यानंतर मान वळवून बोलणं बंद झालं.

तुम्ही म्हणाल, इतकं होतं तर गेले का नाहीत. घाट उघडा असतो उन्हाळ्यात, हिवाळाभर तो बर्फाखाली. आणि मुलीची मोठी सुट्टी डिसेंबरात. जूनमध्ये सुट्टी मिळायची ती पुण्याला आईकडे जायची, कारण आई एकटी होती आणि हे एकुलते. तरीही एका वर्षी, मुलगी सोळाची झाली तेव्हा, त्यांनी खरोखरच तिकिटं काढली. निघायला नऊ दिवस असताना आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. साडूंनी इटली रद्द केली आणि त्याच संध्याकाळी पुण्याला गेले. आई दोन वर्षं अंथरुणावर होती. मिळेल ती सगळी रजा त्यांनी तिच्या उशाशी घालवली. ती गेल्यावर परत आले ते एकदम वाळलेले. पुन्हा पार्किंगमध्ये चढू लागले, तर चौथ्या मजल्यावर छातीत कळ आली. त्या टॅक्सीवाल्या म्हाताऱ्यानेच त्यांना हॉस्पिटलात पोचवलं. डॉक्टरांनी सांगितलं, की सपाटीवर चाला, हवं तर सावकाश सायकल चालवा, पण चढ आता या जन्मात नको. हे मला सांगताना साडू म्हणाले, "सिंगापूरला राहायला माणूस अगदी योग्य झालो बघा."

पुढच्या वर्षी मुलगी युनिव्हर्सिटीतून सहा महिन्यांसाठी हॉलंडला शिकायला गेली. निघताना दरीचा विषय कुणी काढला नाही. मार्गपत्रिका कपाटात होती; साडू दोनदा त्या कपाटापर्यंत जाऊन परत आल्याचं मेहुणीने नंतर सांगितलं. सप्टेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडेच होतो. मेहुणी कांदे चिरत होती. घरच्या ग्रुपवर फोटो आला. सायकल हातात धरून पोरगी उभी, नाक लाल, केस ओले, बाजूला पाटी. पाटीवर घाटाचं नाव आणि उंची. खाली एक शब्दही लिहिलेला नव्हता. मेहुणीने फोन बघितला आणि पालथा ठेवला. पण साडूंनी आपला फोन आधीच उघडला होता.

त्यांना राग येईल, किंवा रडू येईल, अशी माझी कल्पना होती. आपल्या आयुष्याची गोष्ट पोरीने मैत्रिणींबरोबर एका रविवारी, न सांगता, उरकून टाकली होती. साडूंनी चष्मा लावला. फोटो दोन बोटांनी मोठा केला, मुलीचा चेहरा बाजूला सरकवला आणि तिच्या मागचं सगळं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासलं. मागे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. बराच वेळ बघून त्यांनी फोन खाली ठेवला.

"ढग उतरलेत," ते म्हणाले. "एवढी चढून गेली, आणि काही दिसलं नसणार पोरीला."

डिसेंबरात ती परत आली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा बापलेक एकमेकांशी जरा जपूनच बोलत होते. जेवणं झाली, आणि मग तिनेच एकदम सुरुवात केली. मुळात तिथे जायचं नव्हतंच, मैत्रिणींनी ठरवलं, कळवायला वेळ झाला नाही, असं काहीतरी अर्धवट बोलून ती थांबली. साडू म्हणाले, "ते राहू दे. वरून काय दिसलं ते सांग."

पोरीने क्षणभर माझ्याकडे बघितलं. "सगळं दिसलं, बाबा," ती म्हणाली. "पूर्ण व्हॅली. बाविसाव्या वळणावर एक जुनं हॉटेल आहे, तिथून बर्फाचा डोंगर पहिल्यांदा full दिसतो."

"हो का?" साडू म्हणाले.

मग ती सांगत गेली. तळ्यातला मनोरा, बागा, दुपारचा वारा. तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत मध्येच एखादं वाक्य अगदी शुद्ध, पुणेरी वळणाचं यायचं, आणि ते कुठून आलंय हे ईस्ट कोस्टला त्यांच्यामागे सायकल मारलेल्या मला कळत होतं. साडूंना कळत नसेल असं कसं म्हणू? पण ते पुढे वाकून, हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होते. डोंगर नक्की डाव्या हाताला दिसतो की उजव्या, असं त्यांनी अडाण्यासारखं विचारलंसुद्धा. तिने चुकीचा हात सांगितला. चूक काढण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस म्हणाला, "असं होय," आणि मान हलवली.

साडू अजून चोआ चू कांगलाच असतात. संध्याकाळी कालव्याच्या कडेने चालतात, फार बोलत नाहीत. परवा त्यांच्याकडे युरोपला निघालेलं एक तरुण जोडपं कुणाच्या तरी ओळखीने आलं होतं. त्यांनी ऐकलं होतं, की इटलीतल्या त्या दरीची माहिती या घरात मिळते. साडूंनी त्यांना बसवलं, चहा दिला. मला वाटलं, आता नकाशा निघणार. साडू उठले ते मुलीच्या खोलीपाशी गेले आणि दारावर हलकेच टकटक केली.

"माझ्या मुलीला विचारा," ते म्हणाले. "ती जाऊन आली आहे."