तुम्हाला कंटाळा कधी येतो?

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीइतका कंटाळ्याचा सखोल अभ्यास केलेला माणूस सोलापुरात तरी दुसरा नसावा. ती स्वतः कधी कंटाळलेली दिसली नाही. तिचा विषय इतरांचा कंटाळा. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी ती जिना चढून आली आणि म्हणाली, "काका, रसायनशास्त्र सोडावं म्हणते. बाटली काय उलट बोलत नाही की." आजारी माणसं उलट बोलतात, म्हणून तिला दवाखान्यातलं काम करायचं होतं. कोणतं, ते ठरायचं होतं. त्यासाठी तिच्याकडे सिद्धांत तयार होता: सगळ्या कामांचं सुख सारखंच असतं, वेगळा असतो तो कंटाळा, ज्याचा कंटाळा आपल्याला सोसेल ते काम धरावं. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, पण इतकं उपयोगी वाक्य मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं.

त्याच सुमारास गावात करिअर मार्गदर्शनाचं शिबिर झालं. तिच्याबरोबर मीही गेलो. पहिला तास मान्यवरांना शाली घालण्यात गेला, दुसरा तास शाल मिळालेल्यांनी शाल घालणाऱ्यांचे आभार मानण्यात. उरलेल्या वेळात प्रमुख पाहुण्यांनी आरोग्यसेवा हा महासागर असल्याचं सांगितलं. त्यात उतरायचं कुठून, हे सांगायचं राहिलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर ही उठली. "सर, तुमच्या कामात तुम्हाला कंटाळा कधी येतो?" पाहुण्यांनी शाल सारखी केली. "मला कधीच कंटाळा येत नाही." ती खाली बसली आणि मला हळूच म्हणाली, "म्हणजे यांचं काम दुसरंच कोणतरी करतंय."

मग तिनं दवाखाने पालथे घातले. परवानगी काढायची, डबा घेऊन एकेकाच्या शेजारी दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी तोच प्रश्न टाकायचा. रक्त तपासणारा म्हणाला, "लोक हात माझ्याकडं करतात आणि तोंड भिंतीकडं. दिवसभरात एक चेहरा दिसत नाही." ते काम गळालं. एक्स-रेवाला 'श्वास धरा, सोडा' म्हणून इतका विटला होता, की जेवतानासुद्धा मधूनच श्वास धरून बसायचा, असं तिचं निरीक्षण. फिजिओथेरपीत तिला व्यायाम मोजायला बसवलं. एक आजी चारवरून थेट नवावर उडी मारताना तिनं पकडल्या आणि आजींनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उलट बोलणं तिला आवडलं, मोजणं सोसेना. शेवटी ती कान तपासणाऱ्या आणि मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंकडे पोचली. "एका पोराला 'प' म्हणायला शिकवताना कधी सहा महिने जातात," बाई म्हणाल्या. "त्यातले पाच कंटाळ्याचे." दुसऱ्या दिवशी ही पुन्हा तिथंच जाऊन बसली.

पुढच्या वर्षी तिनं प्रवेशपरीक्षा दिली, पुण्याला नंबरही लागला. अडले ते वडील. तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात काढलेला माणूस. घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी, आणि दोन्ही भाषा गल्लीच्या टोकापर्यंत पोचतील अशा आवाजात. "अर्धं विणून माग बदलत नसतेत, मास्तर! आन् कानाचं कसलं आलंय कॉलेज? माजे कान बगा की, काय झालंय त्यांना?"

"नाना, तुम्हाला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"लोकच पुटपुटतेत!"

पैज लागली. कान चांगले निघाले तर मुकाट्यानं रसायनशास्त्र, नाहीतर पुणे. कॉलेजला दोन दिवसांत कळवायचं होतं. साक्षीदार म्हणून मला नेण्यात आलं.

बाईंनी नानांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. नानांनी प्रत्येक वेळी बटण दाबलं. पोरासोरांना लाजवतील असे कान निघाले. "बगा मास्तर!" नाना आतूनच ओरडले. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. ती मात्र काचेकडे बघत होती.

"मॅडम, खुर्ची फिरवू का?"

मागांच्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही. तीस वर्षं नानांनी समोरच्याचे ओठ आणि हात वाचूनच माग चालवले होते. इथंही ते प्रामाणिकपणे तेच करत होते: बाईंचं बोट यंत्रावर टेकलं, की यांचं बटण. तिनं खुर्ची भिंतीकडे फिरवली. बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. एक मिनिट गेलं, दोन गेली, बटण वाजेना. मग आतून आवाज आला, "मॅडम, चालू कधी करनार?"

कुणीच हसलं नाही. "माझ्याही लक्षात आलं नव्हतं," बाई तिला म्हणाल्या. तपासणी पुरी करून नाना बाहेर आले, त्यांच्या ऐकण्याची कागदावरची खाली खाली जाणारी रेघ त्यांनी बराच वेळ पाहिली. "हे कुणी पकडलं?"

"मी."

ते माझ्याकडे वळले. पैज हरलेल्या माणसाचा असा रुबाबदार चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही. "तुटलेला धागा लांबनं दिसतोय की हिला, मास्तर! लई अवघड असतंय ते. जाऊ दे पुण्याला!"

ती गेली त्या सकाळी आम्ही एसटी स्टँडवर गेलो होतो. नानांच्या कानामागे नवं यंत्र होतं, आणि स्टँडवरच्या कर्ण्यावर ते नाराज होते. गाडी निघताना ते खिडकीपाशी गेले आणि तिला काहीतरी म्हणाले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मला एक शब्द ऐकू आला नाही.

"काय सांगितलंत?" परतताना मी विचारलं.

"तिला सांगितलं," नाना हळू आवाजात म्हणाले, आणि रिक्षा शोधायला पुढं गेले.