डाव्या हाताची कपार

वसंता गेल्याचं मला बसच्या कंडक्टरनं सांगितलं. इचोड्याला सडकेलगत माझं भांड्यांचं दुकान आहे. वसंताची भाजीची वाडी नेरडीगोंड्याकडे, सडक सोडून आत. सकाळच्या बसनं तो माझ्या घरापुरती भाजी पिशवीत घालून पाठवायचा आणि कंडक्टर ती पिशवी दुकानाच्या फळीवर आपटून जायचा. वसंतानं खाट धरल्यापासून पिशवी बंद झाली होती. त्यामुळे त्या सकाळी कंडक्टर रिकाम्या हातानं पायऱ्या चढून वर आला, तेव्हाच मी काय ते समजलो. "सेठ, वो वाडीवाले भाई... सुबह गुजर गये," तो म्हणाला. मी गिऱ्हाइकाला पातेलं वाजवून दाखवत होतो. ते खाली ठेवलं, आणि खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो हा: अरे, डबा तर सापडलाच नाही! जिवाभावाचा एकुलता एक मित्र गेला आणि मला डबा आठवला. आमचा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांना हे कळायचं नाही, म्हणून तो आधी सांगतो.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट असेल. माझ्या दुकानात जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक लहानसा डबा होता. झाकणाला पोचा पडलेला, त्यामुळे कोणी हात लावत नव्हतं. वसंतानं तो तंबाखू ठेवायला म्हणून माझ्याकडून उपटला. पुढं एकदा मी वाडीत गेलो आणि तंबाखू मागितली, तर खाटेवर पाय पसरून म्हणतो कसा, "बांधावर हाय, वाकड्या बाभळीपाशी. जा, घेऊन ये." मी गेलो. शोधशोध शोधलं, काट्यांनी हात ओरबाडून घेतले, डबा कुठला सापडतोय! परत आलो तर हा पोट धरून हसत होता. डबा बाभळीच्या बेचक्यात, पाचोळ्याखाली होता. मला असा संताप आला की तो डबाच मी घेऊन आलो, इचोड्याच्या अलीकडं सडकेखालच्या एका मोरीच्या दगडांत कोंबला आणि त्याला निरोप धाडला, की आता तू शोध. त्याला वाटलं असेल मी रागात आहे. तिसऱ्या दिवशी तो सायकलवरून माझ्या दुकानासमोर आला आणि नुसती घंटी वाजवत उभा राहिला. लांबलचक, सगळा बाजार वळून पाहील अशी. त्याला डबा सापडला होता.

तिथून जे सुरू झालं ते वसंता जाईपर्यंत थांबलं नाही. एकानं लपवायचा, दुसऱ्यानं शोधायचा. सापडला की आतली वस्तू काढून घ्यायची, आपली एखादी घालायची, आणि पुढची पाळी आपली. वस्तू म्हणजे काय, तर चिंचोका, शर्टाचं बटन, मोराच्या पिसाचा तुकडा... वस्तूला किंमत नसावी हा वसंताचा हट्ट. खूण तोंडी सांगायची, तीही एकदाच. पुन्हा विचारलं तर हरला. जमीन उकरायची नाही, कारण जमीन आपली नाही. कोणाच्या देवाजवळ ठेवायचा नाही. आणि सापडला की लपवणाऱ्याच्या दारात जाऊन घंटी वाजवायची. मी त्याच्या दारात वाजवली की तो बाहेर येऊन, न चुकता, डोळे बारीक करून तेच विचारायचा, "कोनं सांगतलं बे तुले?" माझ्या अकलेवर त्याचा कधी विश्वासच बसला नाही. मी म्हणायचो, "कोनी नाई सांगतलं, माहा मीच शोधला." त्यावर तो मान हलवायचा आणि चहा मागवायचा.

लोक विचारायचे, यात मिळतं काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला वसंता दारात उभा करत नसे. एकदा बँकेतला एक बाबू हौसेनं आमच्यात आला. त्याला खूण कागदावर लिहून पाहिजे होती आणि डब्यात काहीतरी 'चांगलं' पाहिजे होतं. डबा सापडला तर चिंचोका पाहून त्याचं तोंड उतरलं. वसंता मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्याले आतलं पायजे, रम्या. आपल्याले जागा पायजे. हा आपला गडी नाई." तेवढ्यावर त्याचं सदस्यत्व संपलं. आणि वसंताचं खरंच होतं. त्या डब्यापायी मी जे रान पाहिलं ते एरवी पाहिलं नसतं. भांडी विकणारा माणूस मी, गल्ल्यावरून उठलो तर घरी जाणारा. वसंतानं मला मोहाच्या झाडाखाली, नाल्याच्या काठानं, सागाच्या रानात असा फिरवला की बस कुठूनही जावो, मला वाटतं इथं मी गुडघ्यावर बसलेलो आहे.

त्या काळात आमच्या बाजूच्या रानात कोणी डबा लपवतो म्हटलं की गावकऱ्यांना गुप्तधन सुचायचं आणि पोलिसांना नक्षल्यांचा बॉम्ब. एकदा सडकेच्या कडेला मी दगडांत हात घालून बसलेलो आणि वसंता लांबून मजा पाहत उभा, तेवढ्यात जीप थांबली. हवालदारानं डबा काठीनं उघडला. आत चिंचोका. "छुपाया क्यूँ?" त्यानं विचारलं. वसंता माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "साब, इनको ढूँढने के लिए." "और ये ढूँढ के क्या करेंगे?" "फिर छुपाएँगे, साब." हवालदारानं आळीपाळीनं आम्हा दोघांकडं पाहिलं, डबा माझ्या हातात दिला आणि "दिमाग ठीक है ना तुम लोगों का?" म्हणून जीपमध्ये बसला. नंतर कित्येक वर्षं वसंता मधेच मला विचारायचा, दिमाग ठीक है ना?

सुमन वहिनींचं, म्हणजे वसंताच्या बायकोचं, मत हवालदारासारखंच होतं. मी दारात दिसलो की त्या कपाळाला हात लावायच्या. "एखाद्यानं बाई ठेवली असती तं लोकायले समजलं असतं, भाऊजी. डबा कोन ठेवते?" वसंता डावखुरा होता. त्याच्या जागा नेहमी डाव्या हाताला असायच्या, झाडाच्या डाव्या अंगाला, दगडाच्या डाव्या फटीत. हे गुपित मला फार उशिरा उमगलं, आणि त्याला मी कधी कळू दिलं नाही. उजवीकडं आधी उगाच शोधायचो, त्याला बरं वाटावं म्हणून.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला नेला, पोट उघडलं, तसंच शिवलं आणि घरी न्या म्हणाले. मी त्या डॉक्टरांवर ओरडलो. काय उपयोग होता? वाडीत वांगी पिकून पिवळी पडली, तोडायला कोणी नव्हतं. आमचा खेळ बंदच पडला होता. डबा वसंताकडं होता, लपवायची पाळी त्याची, आणि त्याला तर उशीला टेकून बसायलाही वहिनी लागत. एका दुपारी मी गेलो तर चेहऱ्यावर मात्र जुनी लबाडी. म्हणतो, "ठेवला."

"काय ठेवला?"

"डबा. आयक, एकडाव सांगतो. जितून तुहं घर दिसत नाई, माहं दिसत नाई, पन सडक दिसते. बसायले दगड हाय. बसला का डाव्या हाताले."

"अबे, तू तर खाटेवरून उठत नाईस. कोनं ठेवला?"

"सुमननं. म्या समजावून देल्लं तिले."

वहिनी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "हो," त्या म्हणाल्या. "ठेवला म्या." कपाळाला हात लावणारी बाई त्याच्यासाठी रानात जाऊन डबा ठेवून आली होती! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

जागा मी दुसऱ्याच दिवशी काढली. दोघांची घरं आडवी पडतात आणि सडक तेवढी दिसते अशी टेकडी एकच आहे. तिथं आम्ही सायकली ढकलत चढून बसायचो. दगड होता. बसलो. डाव्या हाताला खडकात कपार. हात घातला, कोपरापर्यंत घातला... आत पालापाचोळा. मी स्वतःवरच चिडलो. वसंताची खूण चुकत नसते, म्हणजे चुकलो मीच. 'सडक दिसते' म्हणाला, ती कुठून दिसते? दगड म्हणाला तो हाच कशावरून? आमच्यासारख्या छांदिष्टाला हे सुचतच नाही, की जागा बरोबर असेल आणि डबाच नसेल. मी दुसऱ्या टेकड्या धुंडाळायला लागलो.

आणि रोज संध्याकाळी वसंतापुढं बसून हजेरी द्यायचो. नाल्याच्या वर पाहिलं, नाई भेटला. पलीकडच्या बरड माळावर पाहिलं, नाई भेटला. तो खुश व्हायचा. दुखण्यानं आवळलेलं तोंड सैल व्हायचं. "अजून सांग. मंग कुठी गेलता?" म्हणायचा. वहिनी तेव्हा आत निघून जायच्या. शेवटी शेवटी त्याला बोलवत नव्हतं, पण मी 'नाई भेटला' म्हटलं की डावा हात चादरीवर जरासा हलायचा. तो आठवडा असा गेला. मग कंडक्टर आला, रिकाम्या हातानं.

दिवसकार्य झालं तरी मी शोधत राहिलो. दुकान पोराच्या भरवशावर टाकलं. घरचे म्हणाले, वेड लागलं. लागलंच होतं. मला वाटत होतं, त्यानं माझ्यासाठी मागं ठेवलेलं एवढं एकच काहीतरी या रानात कुठंतरी आहे, आणि ते मी शोधलं नाही तर पुढच्या पावसात वाहून जाईल, किंवा ढोरामागचा कोणी उचलून नेईल. वहिनींना विचारायचं तर खूण दुसऱ्यांदा विचारायची नाही, हा नियम. नियम मोडला तर वसंताचं राहिलं काय? म्हणून मी विचारलं नाही. फक्त त्यांच्याकडं जाऊन सांगत राहिलो, आज इथं पाहिलं, नाही सापडला. त्या ऐकून घ्यायच्या आणि खाली पाहायच्या.

गेल्या आठवड्यात मी असाच पाय खरचटून घेऊन त्यांच्या ओसरीवर टेकलो. वहिनींनी पाहिलं, आणि आत गेल्या. ज्वारीच्या कोठीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात डबा होता. पोचा पडलेला, ज्वारीच्या भुशानं माखलेला.

"भाऊजी, म्या ठेवलाच नोता," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी निंगत होती, तं त्यायले रगताची उलटी झाली. मी कशी जाऊ त्यायले टाकून? वाटलं, उद्या ठेवीन. तं त्यायनं डोये उघडले अन पयलंच इचारलं, ठेवला का? म्या हो म्हनलं. मंग रोज... रोज तुमी येऊन सांगत, अन ते हासत. मी काय सांगू, कवा सांगू?" आणि त्या जमिनीवर बसून रडायला लागल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"वहिनी, ती टेकडीवरची कपारच ना? दगडाच्या डाव्या अंगाले?"

त्यांनी मान हलवली. हो.

म्हणजे जागा मला पहिल्याच दिवशी सापडली होती. डबा तिथं असता तर मी त्याच संध्याकाळी या दारात घंटी वाजवली असती. वसंतानं ती ऐकली असती. आणि मग? मग त्या आठवड्यात मी त्याला रोज काय सांगितलं असतं? डबा नव्हता म्हणून तो हसला, आणि डबा नव्हता म्हणून मी जिंकल्याचं त्याला कळलं नाही. यातलं बरं कोणतं, हे मला अजून ठरवता येत नाही. वहिनींवर रागावायचं म्हटलं तर रागही येत नाही.

झाकण मी तिथंच उघडलं. आत त्याच्या सायकलच्या घंटीची वाटी होती. आता ही आपल्याला लागत नाही, एवढंच त्याला म्हणायचं असावं. सायकल समोरच भिंतीला टेकून होती, दोन्ही चाकांतली हवा गेलेली, घंटीच्या जागी नुसता दांडा. इतक्या वेळा त्या दारात आलो, मला ते दिसलं नाही. वहिनी पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "वाजवा ना, भाऊजी. तुमाले भेटला ना."

मी वाटी बसवली आणि घंटी वाजवली. जशी वाजवायची तशीच, लांबलचक. मग थांबलो. सवयीनं थांबलो. आतून कोणी आलं नाही. कोणी डोळे बारीक केले नाहीत. "कोनी नाई सांगतलं, वसंता," मी त्या रिकाम्या दाराकडं पाहून म्हणालो. "माहा मीच शोधला. पयल्याच दिवशी." वहिनी आत निघून गेल्या. मला वाटतं त्या दिवशी, त्या ओसरीवर, वसंता खरा मेला.

डबा आता दुकानात, माझ्या डाव्या हाताच्या फळीवर आहे. काल एका गिऱ्हाइकानं त्याचा भाव विचारला. विकायचा नाही, म्हटलं. मग ठेवला कशाला, म्हणाला. मी त्यात एक चिंचोका घालून ठेवला आहे. बसमध्ये बसलो की खिडकीतून अजून फटी पाहतो, बेचकी पाहतो, इथं बसेल, इथं त्याला सात जन्मात सापडणार नाही असं ठरवतो. आणि मग आठवतं. लपवायची पाळी माझी आहे.